तीन कासवांची डबल बेल

त्यांनी माझ्या दाराची कडी कधी वाजवली नाही. ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहत, घसा साफ करीत आणि घोषणा करीत: "वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी लक्ष द्यावे. दूध आलेले आहे." हिंगोलीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला रुजू होऊन मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी ही घोषणा ऐकून मी पातेले घेऊन धावत खाली उतरले होते. दूध खरोखरच आले होते. ते मात्र माझ्याकडे न पाहता मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते.

एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सारी नोकरी झालेली. निवृत्तीलाही बरीच वर्षे लोटली होती. तरी गल्लीत लहानथोर सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. बसस्थानकाचा ध्वनिक्षेपक त्यांनी खात्याकडे परत केला होता, आवाज मात्र स्वतःकडे ठेवला होता. पत्नी गेल्यानंतर त्या घरात ते एकटेच राहत. पाहुणे आले की कोण, कुठून आणि किती उशिरा आले हे सांगितल्याशिवाय ते त्यांना पाणीसुद्धा देत नसत. "यष्टीचा टाइम चुकतो, नेम चुकत न्हाई," हे त्यांचे आवडते वाक्य. ते कोणत्या प्रसंगी म्हणायचे, याला मात्र काहीच नेम नव्हता.

मी मुळात फार हळू बोलते. वर्गात मागच्या बाकांवरची मुले माझे बोलणे ऐकू येत नाही म्हणून कुजबुजत, आणि त्या कुजबुजीत ते आणखी बुडून जाई. कंट्रोलरना माझ्या या सवयीची मनापासून तकलीफ होत असे.

"म्याडम, तुमचं बोलनं ड्रायवरच्या मागल्या शिटापोतुर बी जात न्हाई. फलाट क्रमांक चारला मानूस उभा हाय असं समजून बोलत जा."

"आणि तिथे कुणीच नसेल तर?" मी एकदा धीर करून विचारले.

"आसतो," ते म्हणाले. "कोनी तरी तिथं वाट बघत आसतोच."

त्यांच्या मधल्या खोलीत एक भलामोठा प्लास्टिकचा टब होता, आणि त्यात तीन कासवे राहत. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली, मत्स्यालयाच्या दुकानांतून विकतात ती परदेशी जात. त्यांची कथा मला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळाली. ते नोकरीत असताना नांदेडहून आलेल्या एका गाडीत, सीटखाली, लोणच्याची एक बरणी सापडली. झाकणाला भोके पाडलेली आणि आत रुपयाएवढी तीन पिल्ले. कंट्रोलरनी तीन दिवस बसस्थानकावर घोषणा केल्या. बरणी न्यायला कुणी आले नाही. कार्यालयात ती कुठे ठेवणार? ते घरी घेऊन आले. तेव्हापासून पिल्लांची पाठ ताटलीएवढी झाली होती, पण कुणी "तुमची कासवं" असे म्हटले की ते तिथल्या तिथे दुरुस्त करीत: "माझी न्हाईत. ठेवलेली हैत. मालक आला की द्यायची."

म्हणूनच त्यांनी कासवांना नावे दिली नव्हती. दुसऱ्याच्या सामानाला आपण नाव कसे देणार? फलाटांसारखे नुसते क्रमांक होते. एक नंबर आणि दोन नंबर या थोराड माद्या, तीन नंबर हा लहानखुरा नर, लांब नखांचा, आणि कंट्रोलरच्या शब्दांत "जरा घाबरट. तुमच्यासारखा."

एकदा खरोखरच एक गृहस्थ सामान मागायला आले होते. बरणीची गोष्ट त्यांनी कुठे तरी ऐकली असावी. कंट्रोलरनी त्यांना ओट्यावर बसवले, चहा दिला आणि विचारले, "आत किती नग होते?" ते म्हणाले, "दोन." कंट्रोलरनी चहाचा कप काढून घेतला नाही इतकेच, पण सामान दिले नाही.

"आणि त्यांनी बरोबर सांगितले असते तर?" मी विचारले होते.

"तर देलं आसतं." मग ते टबाकडे वळले. "आन त्याच गाडीनं मी बी गेलो आसतो, काय."

हिवाळा आला की ते टब भिंतीपासून दूर सरकवीत, कासवांना बसायला ठेवलेल्या विटेवर दिवा लटकवीत आणि पाण्यात तापमापक सोडून ठेवीत. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून टबाच्या बाहेरून लावीत. एकदा मी माझे लोकरीचे मोजे देऊ केले. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिले, शिवण तपासली आणि म्हणाले, "एक नंबरला चालतील."

गेल्या हिवाळ्यात त्यांना नाशिकला मुलीकडे जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. गुडघा धड चालू देईना, वेळीअवेळी पाय लांब करून ते अंगणात बसून राहत. मुलीने बाप एकटा राहणार नाही असे ठरवून घराचा सौदाच करून टाकला. वर्ष संपायच्या आत ताबा द्यायचा होता; माझी वरची खोली तेवढी नव्या मालकांनी भाड्याने राहू दिली होती. मुलीचा फोन आला की ते तो दूर धरीत, त्यामुळे तिचे बोलणे मलाही ऐकू येई. "बाबा, दुसऱ्याच्या सामानापायी तुम्ही दोन हिवाळे काढलेत. आता कासवं द्या कुणाला तरी आणि या."

गल्लीतही सल्ल्यांना तोटा नव्हता. पानाच्या टपरीवरून रोज एक हाक ठरलेली असे: "कंट्रोलर, कासवाला हाफ तिकीट का फुल?" शेजारचे काका सेनगावकडे शेती असलेले, मनाने भले. ते म्हणाले, "आमच्या इहिरीत सोडून द्या की. पानी साफ करतेत, देवाचं जनावर हाय. काहून एवढी तकलीफ घेऊन राहिले?" कुणी कयाधू नदीचे पात्र सुचवले, कुणी देवळामागचे तळे.

पण कंट्रोलरनी फार पूर्वीच वन खात्यातल्या एका माणसाला गाठून सगळे विचारून घेतले होते. इथली कासवे घरात ठेवायला कायद्याने मनाई. ही परदेशी, म्हणून ठेवता येतात. मात्र आपल्या पाण्यात ती सोडायची नाहीत, इथल्या कासवांचे खाणे आणि जागा ती बळकावतात.

"इहिरीतलं कासव म्हंजे गावकरी," ते काकांना म्हणाले. "ह्ये प्रवाशी. प्रवाशाला गावकऱ्याच्या घरात घुसवायचं न्हाई, आन आर्ध्या रस्त्यात उतरवायचं बी न्हाई. तिकीट नाशिकचं हाय तर नाशिकलाच उतरतील."

त्यानंतर तीन-चार दिवस ते माझ्या जिन्याखाली येऊन उभे राहत आणि घोषणा न करताच परत जात. अखेर एके सकाळी घसा साफ झाला.

"म्याडम, तुमच्या गाडीत शिटा किती?"

"पाच."

"म्हंजे खाजगी." हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू घरातल्या एखाद्याला दारूचे व्यसन लागल्याचे कळले असावे. उभी हयात त्यांनी प्रवासी पळवणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपगाड्यांशी भांडण्यात घालवली होती. सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा ते वऱ्हाडाच्या जीपमध्ये न बसता एस.टी.ने गेले आणि मुहूर्त टळल्यावर पोहोचले, असे गल्लीतले लोक सांगत. "यष्टीत मानूस खिडकी उघडनारच," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "त्याला वारं पायजे, त्यानं तिकीट काढलं हाय, त्याला नगं कसं म्हनावं? पन थंडीचा वारा ह्या तिघांना सोसनार न्हाई."

माझी गाडी जुनी होती आणि मी तिच्यातून नांदेडच्या पुढे कधी गेले नव्हते. नाशिकचा रस्ता म्हणजे सारा दिवस. मी हळूच "बरं" म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला मोठ्याने बोलायला सांगितले नाही.

तयारी पंधरवडाभर चालली. कळमनुरीच्या पशुवैद्यकांनी सांगितले होते, प्रवासात पाणी नको. हेलकाव्याने कासव उलटे झाले तर पाण्यात गुदमरते, आणि थंड पाणी अंगातली ऊब शोषून घेते. ओलसर मऊ कापड, अंधार, झाकणाला हवेची भोके, प्रत्येकाला वेगळी पेटी, आदल्या दिवसापासून पोट रिकामे. कंट्रोलरनी औषधांच्या दुकानातून थर्माकोलच्या तीन पेट्या मिळवल्या. मग चाचणी फेरी ठरली. पेट्यांत कासवांच्या वजनाचे बटाटे ठेवून आम्ही कळमनुरीपर्यंत गेलो आणि परत आलो. अंगणात झाकणे उघडली तर सगळे बटाटे एका कोपऱ्यात जमा झालेले.

"बटाटं लोळलं," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हंजे कासव बी लोळनार. आन चूक बटाट्याची न्हाई, म्याडम. तुमी वळनावर लई घाई करून राहिल्या."

मग टॉवेलांच्या गुंडाळ्या करून पेट्यांच्या कडा भरल्या गेल्या. दुसऱ्या फेरीत बटाटे जागचे हलले नाहीत. तेच बटाटे आम्ही भाजी करून खाल्ले.

निघायचा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. ऊन चांगले तापल्यावरच त्यांनी पेट्या बाहेर आणल्या, मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधल्या आणि स्वतः कानटोपी, मफलर, दोन स्वेटर अशा बंदोबस्तात त्यांच्याशेजारी बसले. पुढे बसायला ते तयार नव्हते. कंडक्टर पुढे बसत नाही. मांडीवर स्टीलचा डबा आणि हातात चमचा. शेजारी दारात उभे होते. मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, पण मी निघणार तोच मागून थांबण्याची खूण झाली. मग डब्यावर चमचा दोनदा वाजला.

"डबल बेल झाल्याबिगर गाडी सोडायची न्हाई," मागून आवाज आला. "शिंगल बेल म्हंजे थांबा. एवढं ध्यानात ठिवा."

टपरीवरून कुणी तरी ओरडले, "कंट्रोलर, आखरीला खाजगीत बसलात की!"

"बसलो न्हाई," त्यांनी काचेतूनच उत्तर दिले. "ड्यूटीवर हाव."

औंढा, जिंतूर, मंठा, जालना. प्रत्येक बसस्थानकाजवळ एक चमचा वाजे आणि मी थांबे. पण आत नाही. खाजगी वाहनाला आत मनाई, हा नियम त्यांना स्वतःसाठी मोडायचा नव्हता. मी गाडी फाटकापासून लांब उभी करायची, त्यांनी पेट्यांची झाकणे बोटभर उचलून श्वास पाहायचा, आणि मग दुखऱ्या गुडघ्याने आत जाऊन तिथल्या नियंत्रकाला, गाड्या वेळेवर आहेत ना, एवढेच विचारून यायचे. मला त्यांना थांबवणे जमले नाही, आणि खरे सांगायचे तर थांबवावेसेही वाटले नाही. परिणाम असा झाला की वैजापूर मागे पडले तेव्हा सूर्य कलला होता आणि काचांना गारवा जाणवू लागला होता. पुढे येवला, आणि त्यापुढे निफाडचा पट्टा, जिथली थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाटल्यांतले पाणी निवत आले होते. येवल्याच्या अलीकडे चहाचे एक हॉटेल दिसले, आणि चमचा एकदा वाजला.

हॉटेल एक बाई चालवीत होत्या, चाळिशीच्या, नव्या लुगड्यातल्या. कोपऱ्यात गुरुवारचा लक्ष्मीचा घट मांडलेला होता. कलशावर नारळ, त्याला मुखवटा, पुढे फुले. गल्ल्याशेजारी ताटलीतल्या पाण्यात पितळी कासव ठेवले होते, जसे बरकतीसाठी पुष्कळ दुकानांत ठेवतात. बाईंचा दिवसभराचा उपास होता आणि आरतीची वेळ झाली होती. त्यांनी लगेच पाणी तापत ठेवले. तीन नंबर वाटेत दोनदा खुडबुडला होता, म्हणून कंट्रोलरनी त्याची पेटी आत आणून बाकावर ठेवली, झाकण काढले आणि बाकीच्या दोन आणायला ते लंगडत गाडीकडे गेले. मी रिकाम्या बाटल्या गोळा करीत गाडीपाशीच होते.

आम्ही परत आलो तेव्हा बाई पेटीसमोर हात जोडून उभ्या होत्या. हातात रिकामा तांब्या. तीन नंबरच्या पाठीवर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. आणि पेटीत, काठापर्यंत, रांजणातले बर्फासारखे पाणी.

"आवं, लक्षुमी आली की ओ माझ्या दारात, गुरुवारची!" त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. "आन तुमी तिला कोरडीच घेऊन चाल्ला? कासवाला कुनी बिनपान्याचं ठिवतं का?"

कंट्रोलरनी हातातल्या पेट्या तिथेच खाली ठेवल्या. त्यांनी तीन नंबरला पाण्यातून उचलले. त्याचे पाय बाहेरच लोंबत राहिले. कासव हात लागताच पाय आत ओढून घेते, हे मला एव्हाना ठाऊक होते. डोळे मिटलेले. मान एका अंगाला.

"काय झालं ओ? काय झालं तिला?" बाईंचा आवाज बदलला. त्या पेटलेल्या चुलीकडे वळल्या. "इकडं आना, जाळापाशी धरा."

"जाळ नगं!" कंट्रोलर ओरडले. त्या हॉटेलातले सगळे प्रवासी वळून पाहू लागले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एकदम ऊन लागलं तर जाईल, बाई. हळूहळू आनावं लागतं. कोमट पानी द्या. हाताला लागू नये इतकंच कोमट."

बाईंनी परातीत पाणी ओतले. कोपर बुडवून पाहिले, जसे बाळाच्या अंघोळीचे पाणी पाहतात. थंड घातले, पुन्हा पाहिले. बोटभर पाण्यात कंट्रोलरनी त्याला धरून ठेवले, नाक वर. हळदकुंकू पाण्यात विरघळत गेले. बाई जमिनीवर बसून रडत होत्या. "माझ्या हातनं जीव गेला तर? उपासाच्या दिवशी? कुनाचं हाय ओ ते?"

"एका प्रवाशाचं," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने मागचा एक पाय किंचित आखडला. एवढेच. डोळे उघडले नाहीत. कंट्रोलरनी त्याला कोरडे केले, बाईंनी देवापुढचे नवे खणाचे कापड फाडून दिले, त्यात गुंडाळले आणि दोन्ही स्वेटरांच्या आत, छातीशी धरले. बाकीच्या दोन पेट्यांना बाटल्या लागल्या. बाईंनी आमच्याकडून काहीही घेतले नाही. आरती अजून व्हायची होती. त्या गाडीपर्यंत आल्या, हातात चहाच्या पातेल्यातली पळी तशीच.

मी किल्ली फिरवली आणि सवयीने थांबले. मागून बेल झाली नाही.

"बाई," कंट्रोलर काच खाली न घेता म्हणाले, "माझे दोन्ही हात गुतले हैत. तुमी डबल बेल द्या. त्याबिगर ह्या म्याडम गाडी सोडत न्हाईत."

बाईंना काय कळले कुणास ठाऊक. त्यांनी दाराशी टांगलेल्या लोखंडी पट्टीवर पळी दोनदा आपटली. मी गाडी सोडली.

निफाडपर्यंत आणि त्यापुढे, गाडीत एकच आवाज होता. ते तीन नंबरला पुढची गावे सांगत होते. किती अंतर राहिले, कोणते स्थानक येत आहे, कुठे गाडी थांबणार नाही. तीच घोषणेची शुद्ध भाषा, पण इतक्या खालच्या पट्टीत, की पुढच्या सीटवर मला अर्धेच ऐकू येत होते. त्यांना हळू बोलता येते, हे मला त्या दिवशी कळले.

नाशिकला मुलीच्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने टॉर्च मारला. पेट्या पाहिल्या, स्वेटरातून डोकावणारी खणाची कड पाहिली. "कासवं? कुणाची ही?"

मुलगी धावत खाली आली होती. तिला आणि मला, दोघींनाही उत्तर पाठ होते. आम्ही त्याची वाट पाहत राहिलो. कंट्रोलर गाडीतून उतरले, दुखरा पाय आधी टेकवला, एक हात छातीवरून न काढता पहारेकऱ्याकडे पाहिले.

"घरची," ते म्हणाले, आणि आत गेले.

मुलीने आणून ठेवलेला टब रात्रीच आतल्या खोलीत मांडला गेला, दिवा आणि विटेसकट. सकाळी मी दिवाणखान्यात चहा घेत होते. आतल्या खोलीतून घसा साफ झाला, आणि मग त्या इमारतीच्या चारही मजल्यांना ऐकू जाईल अशी घोषणा झाली: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. हिंगोलीहून आलेले प्रवासी क्रमांक तीन डोळे उघडून विटेवर बसलेले आहेत."

"बाबा, लोक झोपलेत!" मुलगी ओरडली, आणि स्वतःच हसत हसत रडू लागली.

निघताना ते फाटकापर्यंत आले. निरोपाचे बोलणे त्यांना कधी जमले नाही. "त्या बाई वाट बघत आसतील," एवढेच म्हणाले. "सांगून जा."

येवला ओलांडले तेव्हा टळटळीत दुपार होती. हॉटेल आता रस्त्याच्या पलीकडल्या बाजूला होते, आणि मधून कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग हलेना. मी गाडी कडेला घेऊन उतरले. बाई चुलीपाशी होत्या. त्यांनी गाडी ओळखली. पळी हातात धरून त्या रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या आणि थांबल्या. विचारायचे धाडस त्यांना होत नव्हते. ट्रॅक्टरांच्या धडधडीतून त्या माझ्या तोंडाकडे नुसत्या पाहत होत्या.

मी घसा साफ केला.

"जगलं!" मी ओरडले. "डोळे उघडले! जगलं!"

माझा आवाज पलीकडे पोहोचला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, माघारी वळून दाराशी गेल्या, आणि लोखंडी पट्टीवर पळी दोनदा वाजवली.

मी गाडीत बसले आणि हिंगोलीच्या दिशेने निघाले.